रडायची पायरी

सुरूवाडीच्या शाळेत चौथीचा वर्ग कुठला, हे कुणाला विचारावं लागत नसे. ज्या खोलीतून आवाज येत नाही, तो मथुराबाईंचा वर्ग. बाकीच्या तीन खोल्यांतून पाढे, कविता, भांडणं आणि दुपारच्या वेळी एखाद्या मास्तरांचं घोरणंही ऐकू येई. मथुराबाईंच्या दारापाशी मात्र पलीकडच्या दर्याची गाज तेवढी ऐकू यायची. तारकर्लीच्या अलीकडे, सुरूच्या बनाला लागून असलेली ही वाडी मच्छीमारांची. इथली पोरं वाऱ्यावर ओरडून बोलायला शिकलेली. त्यांना गप्प बसवणं हे काही खायचं काम नव्हतं. मथुराबाई ते सव्वीस वर्षं करत होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्यांनी कधी कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे छडी नव्हती, पायरी होती. व्हरांड्याची जांभ्या दगडाची, पावसानं एका बाजूला झिजलेली पायरी. वर्गात कुणाला रडू आलं, कुणी रागानं पाय आपटले, की बाई मान वर न करता म्हणायच्या, "बाहेर जा. संपलं की आत ये." पोर पायरीवर जाऊन बसे, नाक ओढत ओढत गप्प होई आणि तोंड धुऊन आत येई. ते का रडलं हे बाईंनी कधी विचारलं नाही. रडं म्हणजे पायातली वाळू, ती बाहेर झटकून आत यायचं, असा त्यांचा साधा हिशेब होता. पोरं त्या दगडाला रडायची पायरी म्हणत.

सन २००३ मधली गोष्ट. गणपती बोळवून चार दिवस झाले होते. वाडीतली एक होडी सायंकाळी मासेमारीला गेली आणि अवचित सुटलेल्या वाऱ्यात उलटली. होडीत चौघे होते. उलट्या होडीला धरून राहिलेल्या तिघांना सकाळी एका ट्रॉलरनं उचललं. चौथा रविराज. तो सापडला नाही.

रविराजची मुलगी संजना बाईंच्या वर्गात होती. नऊ वर्षांची, चुणचुणीत, वर्गात सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत स्पष्ट वाचणारी. तपासणीला साहेब आले की बाई तिलाच उभी करायच्या. होडी उलटल्याच्या पाचव्या दिवशी ती शाळेत आली. डोक्याला तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. डोळे कोरडे. बाईंना बरं वाटलं. पोर समजूतदार आहे, असं त्यांनी मुख्याध्यापक प्लासिद सरांना सांगितलंसुद्धा.

पोर समजूतदार नव्हती. तिला रडायची बंदी होती. सुरूवाडीत एक जुनी चाल आहे. दर्यानं ज्याचं शरीर परत दिलं नाही तो मेला नाही. पुढच्या नारळी पुनवेपर्यंत त्याची वाट बघायची. बायकोनं कुंकू लावायचं, जेवताना त्याचं ताट वाढायचं आणि घरात कुणीही डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. म्हाताऱ्या सांगतात, डोळ्यातलं पाणी खारट, दर्याचं पाणीही खारट. घरात खारट पाणी सांडलं की दर्या समजतो, ह्यांनी माणूस सोडला. मग तो परत देत नाही. रविराजची आई काशीबाई ही चाल अशी पाळत होती, जणू तिच्या एका उसाशावर लेकाचा जीव टांगलेला होता. संजना पहिल्याच रात्री रडायला लागली, तेव्हा आजीनं तिच्या तोंडावर पदर दाबला. "बापाशीक मारतंस गो? गप!"

त्यानंतर पोर गप्प झाली. पण मनात साठलेलं कुठेतरी बाहेर पडणारच.

ते पडलं वर्गात. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायचे होते. मथुराबाईंनी एकेका पोराला टेबलापाशी बोलावलं. अर्जात एक रकाना होता. वडील : हयात, मयत. लागू नसेल ते खोडावे. संजनाचा अर्ज समोर आला तसा बाईंचा हात थांबला. सतरा दिवस झाले होते. सरकारी कागद म्हणजे सरकारी कागद, त्यात वाडीच्या चालीला जागा नाही. बाईंनी पट्टी ठेवली आणि 'हयात' या शब्दावर नीट, सरळ रेघ मारली.

संजना टेबलाला टेकून उभी होती. तिनं ती रेघ बघितली.

पुढचं कुणाला धड कळलंच नाही. तिनं कागद हिसकावला, टराटरा फाडला आणि बाई हात धरायला गेल्या तशी त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. शाईची दौत खाली गेली. वर्गातली बाकीची पोरं बाकांवर उभी राहिली. सव्वीस वर्षांत त्या खोलीत असा गोंगाट झाला नव्हता.

"बाहेर!" बाई मनगट दाबून धरत म्हणाल्या. "पायरीवर. संपलं की आत ये."

संजना पायरीवर गेली, पण रडली नाही. तिला रडायचं नव्हतंच. ती तासभर खांबावर मूठ आपटत राहिली. मधल्या सुट्टीत स्वरूप नावाचा तिच्याच बाकावरचा मुलगा तिला अर्धी चिक्की द्यायला गेला, तर तिनं ती त्याच्या अंगावर फेकली. दुसऱ्या दिवशी तिनं कौलांवर दगड मारले. तिसऱ्या दिवशी धड्यात 'बाबा' हा शब्द आला आणि तिनं पुस्तकच खिडकीबाहेर भिरकावलं. रोज पायरी, रोज मूठ. आठ दिवस हे चाललं. बाईंच्या वर्गाचं नाव गेलं. शेजारच्या वर्गातले मास्तर हसून म्हणाले, "बाई, आता आमची झोपमोड होता हो!"

बाईंना ते लागलं. माणसाचा अभिमान दुखावला की त्याला दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही.

प्लासिद सरांनी एकदा विषय काढून पाहिला. ते हळू बोलणारे, गोव्याकडच्या नात्यातले, गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारे. म्हणाले, "आमची आवय गेली तेव्हा मी दहा वर्षांचा. पाद्री घरी येऊन नुसते बसून राहिले. काही बोलले नाहीत. मी त्यांच्या झग्यात तोंड घालून आईसाठी दुपारभर रडलो. बाई, ह्या पोरीला कोणी असं बसायला नाही."

"मी शिकवू की बसून राहू, सर?" बाई म्हणाल्या. "अठ्ठावीस पोरं आहेत."

आणि त्यांनी संजनाच्या घरच्यांना निरोप धाडला.

काशीबाई आणि संजनाची आई पार्वती दोघी आल्या. पार्वती मालवणच्या बाजारात मासे विकणारी, एरवी तोंडाची खमकी. आता कपाळावर भलंमोठं कुंकू लावून, ओठ मिटून सासूच्या मागे उभी राहिली. बाईंनी तक्रारींचा पाढा वाचला. मनगटावरची खूण दाखवली. आणि शेवटी, वैतागाच्या भरात, वही मिटता मिटता त्या बोलून गेल्या, "मला तर यात काही समजत नाही. बाहेरचं काही असेल तर बघून घ्या कुणाकडून."

त्यांना भुताखेताचं म्हणायचं नव्हतं. त्यांचा त्यावर विश्वासही नव्हता. आपल्याकडे बोलायची एक पद्धत असते, कानावरून गेलेलं तोंडातून निघतं. पण समोर काशीबाई होती. शिकलेली, पगारदार, पेपर वाचणारी बाई सांगते की बाहेरचं आहे. तिच्या दृष्टीनं ते सांगणं नव्हतं, निवाडा होता. म्हातारीनं हात जोडले आणि ती सुनेला घेऊन गेली.

संजना चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली ती अगदी शांत. बाकावर बसली, पाटीवर डोळे लावले. ना दगड, ना मूठ. बाईंनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. योगायोग असा की त्याच दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला आले. वर्गाकडे बघून म्हणाले, "वा बाई! टाचणी पडली तर ऐकू येईल." बाई हसल्या. त्यांनी सवयीनं संजनाला उभं केलं. "संजना, सातवा धडा वाच."

ती उभी राहिली. पुस्तक उघडलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. बाईंनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा स्वरूप हळूच म्हणाला, "बाई, ता बोलणाच नाय. सकाळधरना बोलूक नाय."

केंद्रप्रमुखांनी 'लाजते वाटतं' म्हणून दुसऱ्या मुलाला उठवलं. ते निघून गेले. मधल्या सुट्टीत पोरं टाकीवर पाणी प्यायला गेली. संजनानं पेला धरायला हात वर केला, पोलक्याची बाही मागे सरकली. बाई व्हरांड्यातून बघत होत्या. दंडावर वळ होते. एकावर एक, निळे पडलेले, काही फुटलेले. बाईंनी जवळ जाऊन तिचा हात हातात घेतला. मुलीनं सोडवून घेतला नाही, आवळलाही नाही.

"कुणी मारलं गं?"

मुलगी पेला ठेवून वर्गाकडे वळली.

शाळा सुटताच मथुराबाई सुरूच्या बनातून चालत रविराजच्या घरी गेल्या. काशीबाई देवळात गेली होती. पार्वती मागच्या पडवीत मासे निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि बाई दारातच थांबल्या. कपाळ पांढरं होतं. हातात बांगडी नव्हती. समोरच्या अंगणात, म्हणजे खळ्यात, एका कडेला हिरव्या काचांचे तुकडे अजून पडले होते.

"सापडले?" बाईंनी विचारलं.

"नाय," पार्वती म्हणाली. "खंय सापडतले."

मग तिनं सांगितलं. रडली नाही. मासे निवडता निवडता सांगितलं. दोघी शाळेतून परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी भगताला बोलावलं. भर दुपारी, खळ्यात, सगळ्या वाडीसमोर संजनाला पाटावर बसवलं. सुक्या मिरच्यांची धुरी दिली. पोर खोकून खोकून लाल झाली. भगतानं वेताची काठी घेऊन विचारलं, "कोण आसस तू? नाव सांग!" ती म्हणाली, "मी संजना." काठी बसली. "खोटा बोलतंस! खरा नाव सांग!" "मी संजना. खरांच, मी संजना गो आये!" पुन्हा काठी. असं किती वेळा झालं ते पार्वतीनं मोजलं नाही. तिला दोन बायकांनी धरून ठेवलं होतं.

"मगे ता दमला, बाई. लहान चेडू ता. माराक भियान म्हणाला, मी रविराज. माका सोडा. माका सोडा."

पार्वतीच्या हातातला मासा तसाच राहिला.

"झाला! सगळ्यांनी आयकला. बापूसच बोललो म्हणान. जितो आसतो तर चेडवाच्या आंगात कसो इलो आसतो? म्हणजे तो मेलो. सासूबायन थंयच्या थंय माझ्यो बांगडे फोडल्यान, कुकू पुसल्यान. चेडू बघीत होता. आणि सासूबाय तेका म्हणाली, तुझ्याच तोंडातसून इलो तो. तुझ्याच तोंडान आमका कळला."

बाईंना सगळं कळलं. नऊ वर्षांच्या पोरीनं मार चुकवायला बापाचं नाव घेतलं, आणि त्या नावासरशी आईच्या बांगड्या फुटल्या. इतके दिवस बाप जिवंत होता. तिनं तोंड उघडलं आणि तो मेला. मग ती पुन्हा तोंड कशाला उघडेल?

"पार्वती, तू अडवलं नाहीस?"

पार्वतीनं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून ते सोसणं आणखी कठीण गेलं.

"तुमीच सांगलात ना, बाई? बाहेरचा आसा म्हणान. मी घरात म्हटलंय, चेडवाचो जीव कळवळता, दुसरा काय नाय. तर सासूबाय म्हणाली, बाय शिकलेली, तिका तुझ्यापेक्षा जास्त कळता."

निवडलेले मासे बाजूला सारत ती म्हणाली, "अमावाशेक परत भगत येतलो. म्हणता, बापूस आजून पुरो सुटाक नाय, म्हणान चेडू बोलणा नाय. परत धुरी देवची लागतली."

मथुराबाई त्या रस्त्यानं परत कशा आल्या, त्यांना आठवत नाही. साप म्हणून भुई धोपटणाऱ्या भगताला त्या मनात शिव्या देत होत्या, पण साप तिथे आहे असं बोट दाखवणारं तोंड त्यांचंच होतं. पहिल्यांदा रविराजवर रेघ मारणारा हातही त्यांचाच. सव्वीस वर्षांत किती पोरं त्या पायरीवर बसली असतील? ती गप्प झाली म्हणजे ती बरी झाली, असं आपण कशावरून धरलं? हा प्रश्न त्यांनी आधी कधी स्वतःला विचारला नव्हता. बैल गेल्यावर झोपा करायची बुद्धी सुचते, ती अशी.

त्या प्लासिद सरांकडे गेल्या आणि खुर्चीवर बसून मोठ्यानं रडल्या. सर काही बोलले नाहीत. समोर बसून राहिले.

एका गोष्टीनं बाईंच्या डोक्यात घर केलं होतं. रविराज मेला हे पोरीनं सांगितलं, असं पोरीला वाटतं. मग ते खरोखर ज्यानं पाहिलं असेल त्यानं सांगायला हवं. होडीतून वाचलेल्या तिघांत रविराजचा लहानपणापासूनचा सोबती हरिश्चंद्र होता. तो वाचून परत आल्यापासून दर्यावर गेला नव्हता, दारू मात्र वाढली होती. बाई आणि सर दोघं त्याच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात गेली. बाईंनी त्याला भगताची, खळ्यात घडलेली सगळी हकीगत सांगितली. 'मी रविराज, माका सोडा' हे शब्द ऐकले आणि हरिश्चंद्रानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अमावास्येला दुपारी भगत आला. वाडीतली माणसं जमली. पाट मांडला, मिरच्या आणल्या, नारळ ठेवला. संजना स्वतःच चालत पाटाकडे निघाली. तिला कुणी ओढलं नाही. तेवढ्यात पार्वती घरातून आली आणि पाटावर स्वतः बसली. लेकीला तिनं पोटाशी घेतलं.

"माझ्या चेडवाक आता काठी लावची नाय," ती म्हणाली. "आदी माका मारा."

"पार्वती, उठ!" काशीबाई ओरडली.

"उठणंय नाय, सासूबाय. त्या दिवशी दोघींनी धरल्यानी म्हणान गप ऱ्हवलंय. आज धरून दाखवा."

भगत हसला. मग त्याला बाई दिसल्या. "बाई, तुमी पुस्तकातला बघा. ह्या माझा काम आसा."

मथुराबाई खळ्याच्या मधोमध आल्या. एरवी शाळेच्या बाहेरही त्या पुस्तकी मराठी सोडत नसत. आज ती सुटली.

"काशीबाय, चूक माझी आसा," त्या म्हणाल्या. "बाहेरचा आसा म्हणान मी सांगलंय. माका कायच कळणा नव्हता. माझ्या वर्गात गोंधळ नको, म्हणान मी तोंडाक येयत ता बोललंय. ह्या चेडवाक भूत नाय, काय नाय. तेका बापूस होयो. तेका रडूक होया. तुमी रडूक दिवक नाय, मीय दिवक नाय. मी तेका पायरीर बसवलंय."

मास्तरीण चूक कबूल करते, हे वाडीला नवीन होतं. मग गर्दीतून हरिश्चंद्र पुढे आला आणि संजनासमोर वाळूत बसला.

"बाय," तो म्हणाला, "माका बघ. तुझो बापूस त्याच रातीक गेलो. होडी उलाटली तेवां तेचो हात माझ्या हातात होतो. मोठी लाट इली. हात सुटलो. मी आराडलंय, तो परत वर इलो नाय. मी बघलंय. तुझ्या तोंडान नाय मेलो तो. माझ्या हातातसून गेलो. मी कोणाक सांगूक नाय. सांगूची चाल नाय, आणि माका लाज वाटली." एवढं बोलून तो गडी वाळूत डोकं टेकून हुंदके द्यायला लागला.

रविराजच्या घराच्या खळ्यात खारट पाणी सांडलं. सगळ्यांनी काशीबाईकडे बघितलं. म्हातारी काठी टेकत उभी होती. ती हळूहळू खाली बसली. "म्हणजे आदीच गेल्लो," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि मी रोज ताट वाढीत होतंय." मग तिनं लेकाला हाक मारली, नाव घेऊन, एकदाच, आणि ती जी रडायला लागली ती दिवेलागण झाली तरी थांबली नाही. भगत केव्हा उठून गेला कुणी पाहिलं नाही. जाताना तो नारळ मात्र विसरला नाही.

संजना रडली नाही. आईच्या मांडीवर बसून ती सगळ्यांकडे टकामका बघत राहिली.

दिवाळीची सुट्टी संपली. ती शाळेत येत होती, पण बोलत नव्हती. हजेरी घेताना तिचं नाव आलं की बाई थांबायच्या. 'हजर' येत नसे. बाई तरी थांबायच्या, मग हळूच पुढच्या नावाकडे जायच्या. पोरांनीही थांबायची सवय लावून घेतली होती.

एक दिवस स्वरूपचं नवीन पेन हरवलं. मामानं कुडाळच्या बाजारातून आणलेलं. त्याला रडू फुटलं. शिस्तीचं पोर, सवयीनं उठलं आणि डोळे पुसत पायरीकडे निघालं.

"स्वरूप, कुठे चाललास?" बाई म्हणाल्या.

"पायरीर."

"नको जाऊ. इथेच बस. रड."

पोरं बाईंकडे बघत राहिली. स्वरूपही गोंधळला, पण रडू थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. तो बाकावर बसून रडला. बाई त्याच्या बाजूला जाऊन बसल्या. तेव्हा त्याच बाकाच्या पलीकडच्या टोकावरून एक बारीक, घोगरा, वापर नसल्यामुळे गंजल्यासारखा आवाज आला.

"बाई, मी सांगलंय म्हणान नाय ना मेलो तो?"

बाई उठल्या आणि तिच्याजवळ गेल्या.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "नाय गो माझे बाय. तुझ्यामुळे नाय."

संजनानं त्यांच्याकडे बघितलं. खात्री पटेपर्यंत बघितलं. मग तिचा चेहरा मोडला. दोन महिने कोंडलेलं ते रडणं होतं, ते लहान मुलासारखं नव्हतंच. ती बाईंच्या पदरात तोंड खुपसून ओरडली, बाईंच्या पाठीवर मुठी मारल्या, बापाला हाका मारल्या. बाई जमिनीवर बसल्या आणि तिला धरून राहिल्या. काही पोरं रडायला लागली, काही घाबरली, एक मुलगी उठून पाण्याचा पेला घेऊन आली. शेजारचे मास्तर धावत आले. प्लासिद सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी मास्तरांना हातानंच थांबवलं. सुट्टीची घंटा त्या दिवशी अर्धा तास उशिरा झाली.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख पुन्हा आले. पोरं मोकळेपणी बोलत होती, एकीला राग आला होता म्हणून ती खिडकीपाशी उभी राहून दर्याकडे बघत होती आणि बाई तिला 'झालं की ये' असं न म्हणता 'काय झालं ते सांगशील?' असं विचारत होत्या. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'वर्गावरील पकड सैल झाली आहे. शिस्तीकडे लक्ष द्यावे.' खाली सहीची जागा होती. मथुराबाईंनी सही केली.

पण सगळंच भरून येत नाही. वाडीत विधवेला जगणं सोपं नसतं. सकाळी होडी सुटायच्या वेळी पार्वती वाटेत दिसली तर लोक थांबायचे, अपशकुन म्हणून. ती माशांची पाटी घेऊन उभी राहिली तर पहिलं गिऱ्हाईक दुसरीकडे वळायचं. ज्यांनी बांगड्या फोडताना तिला धरलं होतं, त्याच बायका आता तोंड फिरवायच्या. मे महिन्यात तिनं वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात काम धरलं. संजनाचा दाखला काढायला ती शाळेत आली. बाईंनी दाखला लिहिला. वर्तणूक : चांगली. त्या शब्दाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला.

मालवणच्या स्टँडवर वेंगुर्ल्याची गाडी लागली होती. बाई पोचवायला आल्या होत्या. संजना आता बोलायची, पण थोडं, आणि बोलण्याआधी समोरच्याच्या हाताकडे बघायची. दंडावर एक पांढरी रेघ राहिली होती, ती जाणारी नव्हती. गाडीत चढताना ती पायरीवरच वळली.

"बाई, थंयच्या शाळेत रडूक दितत?"

मथुराबाईंनी तोंड उघडलं. पण 'हो' म्हणायची त्यांना हिंमत झाली नाही. त्यांनी नुसता तिचा हात दाबला. गाडी सुटली.

त्या घरी गेल्या नाहीत. थेट शाळेत गेल्या, सुट्टीतल्या रिकाम्या वर्गाचं दार उघडलं आणि कागद घेऊन बसल्या. वेंगुर्ल्याच्या त्या शाळेतल्या शिक्षिकेचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं :

'बाईंस सप्रेम नमस्कार. जूनमध्ये आपल्या वर्गात संजना नावाची मुलगी येईल. ती हुशार आहे, वाचन उत्तम. तिचे वडील समुद्रात गेले. हा मजकूर अर्जात लिहायची वेळ आली, तर तिच्यासमोर लिहू नये. ती कधी एकदम रागावेल, कधी गप्प होईल. तिला वर्गाबाहेर काढू नका. तिच्या घरी तक्रार करण्याआधी तिच्याशेजारी थोडा वेळ बसा. काही बोलला नाहीत तरी चालेल. मी ते केलं नाही. त्याची किंमत मी दिली नाही, तिनं दिली. आपण माझ्यापेक्षा बऱ्या शिक्षिका असाल, अशी आशा आहे.'